एक जागा उजवीकडे

दीक्षाविधीच्या दिवशी स्वयंपाकघरातलं टेबल जेवायला मिळत नाही, हे या घरात कुणाला सांगावं लागत नसे. सकाळपासून त्यावर जुनी चादर अंथरलेली, चादरीवर हिरव्या-पिवळ्या स्कार्फांचा ढीग आणि ढिगामागे इस्त्री घेऊन उभी वहिनी. ज्याला चहा हवा असेल त्यानं तो उभ्यानं प्यावा आणि कप आपला आपण विसळावा. छोट्या स्काउटांचं, कबचं पथक म्हणजे घरचंच कार्य, आणि घरच्या कार्यात घरच्यांचे हाल व्हायचेच.

यंदा पथकात नवी नऊ पोरं यायची होती. सहा-साडेसहा वर्षांची, पुढचे दात पडलेली, शपथ म्हणताना जीभ बाहेर येणारी. वहिनी स्कार्फ मात्र दहा इस्त्री करत होती. एक नेहमी जास्तीचा, कारण कुणीतरी ऐन वेळी सरबत सांडतंच. नवांपैकी एक घरचीच होती, धाकट्या दिराची मुलगी टिल्ली. ती टेबलाखाली बसून गाठींचा सराव करत होती. तिनं आपल्या बुटाची नाडी टेबलाच्या पायाला बांधली होती आणि आता ती तिला सुटत नव्हती, पण हे तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

"वहिनी," धाकटा दारातूनच म्हणाला, "आज टिल्लीची गाठ मी बांधणार आहे."

इस्त्री थांबली नाही. "तू रांगेत उभा राहणार आहेस. शिट्टी झाली की एक जागा उजवीकडे सरकशील. समोर जे मूल येईल त्याची बांधशील. बोटीवर राहून विसरलास वाटतं?"

"विसरलो नाही. म्हणून तर आधी सांगतोय."

हा नियम आण्णांचा, म्हणजे वहिनीच्या सासऱ्यांचा. आण्णा वाचनालयात बाइंडर होते. वाचनालयामागच्या हॉलमध्ये पथक काढलं ते त्यांनीच. दीक्षेच्या दिवशी पोरं एका रांगेत उभी राहायची, ज्याच्या त्याच्या समोर त्याचे आईबाप. शिट्टी वाजली की मोठी माणसं एक जागा उजवीकडे सरकायची, टोकाचा माणूस वळसा घालून पहिल्या जागी यायचा, आणि मग जो ज्याच्यासमोर येईल त्यानं त्याचा स्कार्फ बांधायचा. आपल्या मुलाचा आपण बांधायचा नाही. कुणी कारण विचारलं तर आण्णा म्हणत, "घरचा हात लाड करतो. गाठ सैल बसते." ते गेल्यापासून वहिनी पालकांना हेच वाक्य ऐकवत आली होती, अगदी त्यांच्यासारखा घसा खाकरून.

"मंगळवारी मी चाललो," धाकटा आत येत म्हणाला. तो बोटीवर इंजिनघरात काम करायचा. वर्षाचा बराचसा काळ पाण्यावर. "ही झाली तेव्हा मी नव्हतो. पहिलं पाऊल टाकलं तेव्हा नव्हतो. शाळेत घातली तेव्हा फोनवर तिचं रडणं ऐकलं, तेही मधेमधे तुटत. आज मी इथे आहे, वहिनी. दोन्ही हातांनी इथे आहे. आणि समोर उभं राहून दुसऱ्याच्या पोराची गाठ बांधू?"

वहिनीनं इस्त्री उभी करून ठेवली. या दिराला तिनं शाळेत सोडलं होतं, त्याच्या गालगुंडांना तिनं शेक दिला होता. त्याला नाही म्हणणं तिला सोपं नव्हतंच. "दरवर्षी कुणीतरी हे म्हणतं रे," ती म्हणाली. "एकाला सोडलं की दुसऱ्याला कुठल्या तोंडानं अडवू? आणि घरच्यालाच सोडलं तर मग बघायलाच नको."

तेवढ्यात भाऊ, म्हणजे तिचा नवरा, वायरचं भेंडोळं गळ्यात घालून आला. तो वीजकाम करायचा, आणि हॉलमध्ये खरी शेकोटी पेटवायला परवानगी नसल्यामुळे दरवर्षी लाकडांत दिवे लपवून आणि वर लाल कागद लावून शेकोटी करायचं काम त्याच्याकडे असे. तो वादात पडणारा माणूस नव्हता. वाद चालू असला की त्याला हटकून कुठला तरी फ्यूज तपासायचा असायचा. आज मात्र तो थांबला.

"बांधू दे ना त्याला," भाऊ म्हणाला.

"अहो?"

"आपल्या पोराच्या वेळी मी काही बोललो नाही. त्याची गाठ पोस्टमननं बांधली आणि मी बांधली कुणा चष्मेवाल्या पोराची. उत्तम आली होती गाठ. पण गळा आपला नव्हता." एवढं बोलून तो स्वतःच दचकला आणि वायर सारखी करू लागला.

वहिनी नवऱ्याकडे बघतच राहिली. एवढी वर्षं हे पोटात ठेवून हा माणूस दरवर्षी निमूट शेकोटी पेटवत होता. मुलगा आता परगावी नोकरीला लागला होता, स्वतःची टाय स्वतः बांधत होता.

धाकटी, टिल्लीची आई, खिडकीपाशी गणवेशावर बिल्ला शिवत बसली होती. जावेशी वाद घालणं तिच्या स्वभावात नव्हतं; ती दोरा तोडत हळूच म्हणाली, "वहिनी, एरवी मी तुमच्याच बाजूनं असते. पण ती रोज झोपताना विचारते हो, बाबा बांधणार ना म्हणून. मी हो म्हणून बसलेय."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. चुकलंच माझं."

आणि मग जिन्यावरून ताई उतरली. ताई भाऊच्या पाठची, धाकट्याहून बरीच मोठी, इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर. तिनं लग्न केलं नाही. ती आणि वहिनी एका वयाच्या, एका वर्गातल्या आणि आण्णांच्या पहिल्यावहिल्या पथकातल्या. त्या पथकात ताईला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी राहत नसे. वहिनी तिला अजूनही भिंगरीच म्हणायची. फक्त रागात असली की ताई म्हणायची आणि अहोजाहो करायची.

"मोडा की एकदाचा तो नियम," ताई शेवटच्या पायरीवरूनच म्हणाली. "कुणाचं काय जाणार आहे? बाप आहे तो तिचा. बांधू दे."

"ताई, तुम्हीसुद्धा?"

"मी तर सगळ्यात आधी."

वहिनीनं चौघांकडे पाहिलं. मग गळ्यातली पितळी शिट्टी काढली, आण्णांचीच होती ती, आणि इस्त्री केलेल्या स्कार्फांवर ठेवली. "मग ही घ्या कुणीतरी. नियम मोडायचा असेल तर शिट्टी मी वाजवणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही."

कुणाचाही हात पुढे झाला नाही. भाऊचं पोरं ऐकत नसत, ताईच्या पाळ्या बदलायच्या, धाकटीला चार लोकांत बोलताना घाम फुटायचा. वहिनीनं शिट्टी ठेवली म्हणजे पथक संपलं, हे सगळ्यांना कळत होतं. वहिनीलाही कळत होतं.

"काकू," टेबलाखालून आवाज आला. पथकातली सगळी पोरं वहिनीला काकूच म्हणत. "माझी नाडी टेबलाची झालीय."

वहिनी खाली वाकली. गाठ सोडवायला तिला क्षणभर लागला, पण वर यायला बराच वेळ लागला. उठली तेव्हा तिनं कुणाकडे न बघता स्कार्फ पिशवीत भरले, शिट्टी त्यांच्यावर ठेवली, चहाच्या सामानाची पिशवी घेतली आणि चपला घालून एकटीच हॉलकडे गेली.

*

हॉल वाचनालयाच्या मागे, एका अंगणापलीकडे. उंच खिडक्या, पाय घासून गुळगुळीत झालेली फरशी, कोपऱ्यात सतरंज्यांची आणि तंबूच्या कापडांची एक अरुंद कोठी. दुपारी धाकटा आणि ताई बाकं लावायला आले तेव्हा हॉलमध्ये कुणी दिसलं नाही. चहाच्या सामानाची पिशवी मात्र खिडकीत होती.

"वहिनी दुधासाठी बेकरीत गेली असेल," ताई म्हणाली. "धर त्या टोकाला."

दोघंही बाकं भिंतीला लावू लागली. धाकट्याच्या मनातून सकाळ जात नव्हती. खिशात टिल्लीचा रुमाल होता, त्यावर तो चार दिवस सराव करत होता: उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. इंजिनाचे मोठमोठे पाने फिरवलेले त्याचे हात. रुमालात बोटं अडकत होती. तरी काल रात्री गाठ पहिल्यांदा सपाट, नेटकी बसली होती आणि त्याला वेड्यासारखा आनंद झाला होता.

"मी काय मागतोय असं?" तो बाकावर बसत म्हणाला. "आयुष्यात एक गोष्ट मागितली. आणि ती शिट्टी काढून ठेवते! जसं काही मी पथक बंद पाडायला आलोय."

"हट्टी आहे ती."

"हट्टी नाही, ताई. तिला समजतच नाही. समजणार कसं? तिला बापच नव्हता. बापाचा हात गळ्याशी येणं म्हणजे काय, हे तिला काय ठाऊक!"

ताईनं हातातलं बाक सोडलं. आवाज हॉलभर झाला.

"तोंड सांभाळ," ती म्हणाली. "पुन्हा हे बोललास तर मंगळवारची वाट न बघता मीच तुला बोटीवर नेऊन टाकीन."

धाकटा चपापला. ताई ओरडायची नेहमीच, पण हा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. "अगं, सकाळी तूच तर म्हणालीस, मोडा म्हणून."

"म्हणाले. त्या नियमावर माझा राग आहे म्हणून म्हणाले. माझ्याइतका त्या नियमावर राग धरायचा हक्क कुणाला नाही." ती त्याच्या शेजारी बसली. मग तिनं दाराकडे एकदा पाहून घेतलं. "ऐक. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि तूही सांगायचं नाहीस. भाऊलासुद्धा नाही."

"बोल."

"पहिल्या दीक्षेला असा काही नियमच नव्हता. आईबापांनीच बांधायचं ठरलं होतं. मी तर आधीचा सगळा आठवडा आरशासमोर मान वर करून उभी राहायचा सराव केला होता. आण्णा बांधणार म्हणून. त्या दिवशी सगळ्यांची माणसं आली. वहिनीचं कुणी आलं नाही. आईबाप नव्हतेच, आत्याकडे राहायची ना ती; आणि आत्या धोबीखान्यात कामाला, तिला सोडलं नाही त्यांनी. वहिनी आधी दिसली होती, मग दिसेना. आण्णा शोधत गेले तर ती या कोठीत जाऊन बसलेली. बराच वेळ आण्णा आतच होते. आणि मग एकटेच बाहेर आले, घसा खाकरला, आणि म्हणाले, आपल्या पथकाचा नियम आहे, आपल्या मुलाची गाठ आपण बांधायची नाही."

"तिथल्या तिथे?"

"तिथल्या तिथे. वर ते लाडाचं कारणही जोडलं. बाकीचे बुचकळ्यात पडले, पण आण्णांपुढे बोलणार कोण? मग त्यांनी हाक दिली, चला रे सगळे रांगेत. ती आली बाहेर आणि इतरांसारखी उभी राहिली. तिची गाठ आण्णांनी बांधली."

"आणि तुझी?"

"दूधवाल्यानं. बर्फासारखे हात. मानेवर काटा आला आणि दिवसभर स्कार्फला दह्याचा वास." ताई हसायला गेली, पण हसू नीट आलं नाही. "घरी येऊन मी आकाशपाताळ एक केलं. जेवले नाही. तेव्हा आण्णांनी मला जवळ घेतलं. म्हणाले, तुझी वेणी रोज कोण घालतं? मी म्हटलं, तुम्ही. म्हणाले, तिची? मग म्हणाले, भिंगरे, हे तिला कधी सांगायचं नाही. सांगितलंस तर तिला वाटेल, आपल्याला कुणीतरी दिलं. आत्ता तिला वाटतंय, नियमच आहे."

हॉलमध्ये उन्हाचा एक पट्टा फरशीवर पडला होता. धाकटा त्याच्याकडे बघत होता.

"पुढे दरवर्षी पाळावाच लागला तो नियम," ताई म्हणाली. "आणि दरवर्षी एखादं तरी पोर असायचंच, ज्याचं कुणी आलेलं नसायचं. रांग सरकली की कळायचंही नाही कुणाचं कोण ते. यंदा नऊच्या नऊ जणांची माणसं आहेत, म्हणून मी म्हटलं, मोडा. आणि खरं सांगू? मला जे मिळालं नाही ते टिल्लीला मिळावं असं वाटलं. एवढंच. पण तिला बापाचा हात ठाऊक नाही असं म्हणू नकोस. माझ्या बापाचा ठाऊक आहे तिला. मला नाही तो."

धाकट्यानं खिशातला रुमाल काढला, उगाच त्याच्या दोन घड्या घातल्या आणि परत ठेवला. "ती अजून आली नाही दूध घेऊन," तो म्हणाला. "मी बघून येतो." खरं म्हणजे त्याला डोळे पुसायचे होते, आणि बहिणीसमोर पुसायचे नव्हते. ताईही जरा वेळानं उठून भाऊला दिवे आणायला मदत करायला गेली.

*

वहिनी दूध आणायला गेली नव्हती. ती कोठीत होती, सतरंज्यांमागे झेंड्याची दोरी शोधत. दार नीट लागत नाही, ते तेव्हाही लागत नव्हतं.

पहिलं बोलणं कानावर पडलं तेव्हा ती बाहेर येणारच होती. बापाचं वाक्य ऐकून तिचे पाय थांबले. त्यानंतर ती एका उपड्या बादलीवर बसली ती उठलीच नाही. लहानपणी ती याच भिंतीला टेकली होती. तेव्हा इथे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. आण्णा आत आले, तिच्याशेजारी गठ्ठ्यावर बसले आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी म्हणाले, "तू नसलीस तर माझी रांग पुरी होत नाही. दोन मिनिटांनी हाक मारतो. यायचं." एवढंच. रडतेस का, आत्या का आली नाही, काही नाही.

तिला सगळे बिचारी म्हणायचे. शाळेतल्या बाई म्हणायच्या, शेजारणी म्हणायच्या, वाण्याच्या दुकानात चार गोळ्या जास्त मिळायच्या आणि त्या तिला कडू लागायच्या. पथकात तेवढं तिला कुणी बिचारी केलं नाही. तिथे नियम होते आणि ते सगळ्यांना सारखे होते. पुढे ती याच घरात सून होऊन आली, तेव्हाही तिला वाटलं होतं, आपण त्या रांगेतूनच आलो, कुणाच्या दयेनं नाही. त्या नियमावर ती उभी होती. आणि तो नियम तिच्यासाठीच केलेला निघाला.

आधी तिला ते टोचलं. अगदी खोल टोचलं. मग तिला ताईचा आवाज आठवला: मला नाही तो.

या बाईबरोबर ती एका छपराखाली तीस वर्षं भांडत आली होती. गच्चीवरच्या दोऱ्यांवरून, फ्रिजच्या कप्प्यावरून, आण्णांच्या आजारपणात रात्री कुणी जागायचं यावरून. एका पातेल्यापायी दोघी सहा महिने बोलल्या नव्हत्या. ताईची जीभ तिखट. हाताला येईल ते फेकायची ती. आणि हे एक वाक्य सबंध वेळ तिच्या हाताशी होतं. माझा बाप घेतलास, असं ती कधीही म्हणू शकली असती. वहिनी तिथेच गार झाली असती. एवढ्या भांडणांत एकदाही ते तिच्या तोंडून निघालं नाही. सहा वर्षांच्या पोरीनं बापाला शब्द दिला आणि ती बाई तो पाळत राहिली, कुणी बघत नसताना, कुणी शाबास म्हणत नसताना.

वहिनी रडली. दुःखानं नाही, उलट, इतकं मिळालं होतं आणि इतक्या उशिरा कळलं होतं, ते आवरेना. पदर हाताशी आला नाही म्हणून तिनं शेजारच्या स्कार्फांच्या पिशवीतला वरचा स्कार्फ ओढून त्यानं तोंड पुसलं, आणि मग सकाळची सगळी इस्त्री वाया गेल्याचं बघून तिला रडतारडता हसू आलं. तो स्कार्फ तिनं घडी घालून वेगळा ठेवला. शिट्टी उचलली आणि गळ्यात घातली.

आण्णांच्या बोटांना खळीचा वास येई, हे तिला आत्ताही आठवत होतं. गाठ बांधून झाल्यावर त्यांनी, पुस्तकाचा पुठ्ठा चिकटवल्यावर दाबतात तशी, ती अंगठ्यानं दाबून धरली होती आणि तिच्या कानाशी एक वाक्य म्हणाले होते. ते वाक्य तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. पथकातल्या एवढ्या पोरांपैकी एकाच्याही कानात ते तिनं म्हटलं नव्हतं. ते तिनं स्वतःसाठी ठेवलं होतं.

*

पाच वाजता हॉल भरला. भाऊची शेकोटी पेटली, चहाचं भांडं लावल्याबरोबर फ्यूज उडाला, शेकोटी विझली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, भाऊ धावला, शेकोटी पुन्हा पेटली, पोरांनी आणखी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या पोरांच्या गाठी मागे बांधून झाल्या होत्या ते पालकही आले होते. औषधांच्या दुकानातली बाई वहिनीचा हात धरून म्हणाली, "माझा कारटा आता स्वतःचं ताट उचलतो, काकू. तुमचे उपकार." वहिनी दरवर्षी अशा वेळी विषय बदलायची. आज तिनं तिचा हात तसाच धरून ठेवला. "माझे नाहीत हो," ती म्हणाली. "पण पोचवते."

नऊ पोरं रांगेत उभी राहिली, गळ्यात सुटे स्कार्फ. समोर नऊ मोठी माणसं. टिल्लीसमोर धाकटा. टिल्लीनं मान इतकी वर केली होती की तिला छपराखेरीज काही दिसत नसावं.

वहिनी रांगेतून चालत धाकट्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "मी शिट्टी वाजवीन. तू सरकू नकोस. इथेच थांब आणि बांध. बाकीच्यांचं मी बघते."

धाकट्यानं तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते आणि केसांत कोठीतलं जाळं अडकलं होतं. त्याला कळलं. त्याला एकदम जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "वहिनी, मी सकाळी... आणि मघाशी... मी फार वाईट बोललो."

"बोललास. थांब इथे."

तिनं जागेवर जाऊन शिट्टी वाजवली. आणि अख्ख्या रांगेत सगळ्यात आधी धाकटा सरकला. एक जागा उजवीकडे. त्याच्यामागे बाकीचे, नेहमीसारखे गोंधळत, दोघे-तिघे डावीकडे जाऊन परत येत. टिल्लीची मान खाली आली. तिच्यासमोर आता बेकरीवाले काका उभे होते, बाहीला पीठ. तिचा ओठ एकदा बाहेर आला. मग तिनं तिरक्या डोळ्यानं पाहिलं: शेजारच्या, दात पडलेल्या पोरासमोर बाबा गुडघ्यावर बसले होते आणि जीभ चावून गाठ बांधत होते.

"काका, घट्ट होतेय," ते पोर म्हणालं.

"असू दे. चार दिवस सराव केलाय मी हिचा," धाकटा म्हणाला. गाठ सपाट, नेटकी बसली.

टिल्लीनं ती नीट बघून घेतली आणि मग आपली मान बेकरीवाल्यापुढे वर केली. विधी संपल्यासंपल्या ती धावत बापाकडे आली. "बाबा, तुमची गाठ सगळ्यात भारी आलीय. मी बघितली. आणि माझ्या स्कार्फला पावाचा वास येतोय. हुंगा!" धाकट्यानं तिच्या गळ्याशी नाक नेलं आणि ते तिथेच राहू दिलं. धाकटी जवळ येऊन उभी राहिली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

ताई मागे, औषधांच्या पेटीशी उभी होती. धाकटा सरकला ते तिनं पाहिलं होतं आणि तिला बरं वाटलं होतं. ते वाटलं याचा थोडा रागही आला होता. आता चहा, मग आवराआवर, मग रात्रपाळी. तिनं पेटीचं झाकण लावलं.

"थांबा सगळे," वहिनीचा आवाज आला. "एक गाठ राहिलीय."

पोरांनी एकमेकांचे गळे तपासले. नऊच्या नऊ बांधलेले होते.

"भिंगरी," वहिनी म्हणाली, "इकडे ये."

"काय गं? माझी पेटी..."

"पेटी राहू दे. ये."

ताई आली, ती सवयीनं कपाळाला आठ्या घालूनच. वहिनीच्या हातात दहावा स्कार्फ होता. चुरगळलेला, एका बाजूनं ओलसर. सकाळी तिनं दहाही कडक इस्त्री केलेले ताईनं स्वतः पाहिले होते. ताईनं तो स्कार्फ पाहिला, मग वहिनीचे डोळे पाहिले, मग तिची नजर कोपऱ्यातल्या कोठीकडे गेली. दार नेहमीसारखं अर्धवट उघडं होतं.

"तू ऐकलंस," ताई पुटपुटली. तिचा चेहरा उतरला. "मी त्यांना शब्द दिला होता गं."

"तू पाळलास. मान वर कर."

ताईनं मान वर केली. ती केव्हाचीच सरावाची होती. वहिनीनं स्कार्फ तिच्या खांद्यांवरून घेतला, उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर, आणि ओढला. हात गरम होते. मग तिनं गाठ अंगठ्यानं दाबली आणि दाबून धरली. ताईला त्या अंगठ्याची रीत ओळखू आली. घरी पुस्तकं चिकटवताना आण्णा तिला पुठ्ठा धरायला बसवत, आणि ती चुळबूळ करायला लागली की नेहमी एकच सांगत.

वहिनी तिच्या कानाशी वाकली.

"वाळेपर्यंत हलू नकोस," ती म्हणाली.

पोरं बघत होती. भिंगरी हलली नाही.